गोट्या आणि फेणे आमच्या बेटावर केव्हा येणार?

गेल्या सत्रात माझ्या पाचवीच्या मराठीच्या वर्गात घडलेला एक लहानसा प्रसंग सांगून सुरुवात करते. तास संपत आला होता. धडा वाचून झाला होता, शब्दार्थ फळ्यावरून वह्यांत उतरले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, तो हात वर करून उभा राहिला आणि क्रेओलमध्ये म्हणाला, "मिस, मराठीतली मुलं फक्त नमस्कारच करतात का?" सारा वर्ग हसला. मीही हसले, आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटले.

परंतु घरी जाताना बसमध्ये तो प्रश्न काही सुटेना. रात्री जेवणे उरकल्यावर मी माझे पाठ काढून पाहिले. मुलगा खरेच सांगत होता. मी शिकवत असलेल्या धड्यांतली मुले पहाटे उठतात, दात घासतात, आईवडिलांच्या पाया पडतात, आजीला मदत करतात, गणेशचतुर्थीला मोदक खातात आणि वेळेवर शाळेत जातात. त्यांतल्या एकालाही कधी उशीर होत नाही. कुणाची वही हरवत नाही, कुणाचे मित्राशी भांडण होत नाही, कुणी भिंतीवरून उडी मारत नाही, कुणी चोराचा पाठलाग करत नाही. इतक्या शहाण्या मुलांशी मैत्री करावी असे कोणत्या मुलाला वाटेल? वीस वर्षे मी हे शिकवते आहे. भाषा शिकवणे आणि वळण लावणे ही दोन्ही कामे एकच आहेत अशी माझी समजूत होती. दोष एकट्या पुस्तकाचा नाही, माझाही आहे.

हाच मुलगा शाळेतून घरी गेल्यावर काय करतो ते मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारले. तो जपानी कार्टून फ्रेंच बोलीत पाहतो. त्याच्या मोठ्या बहिणीजवळ फ्रेंच कथामालांची पुस्तके आहेत, ती तो उसनी घेतो. टिनटिन त्याला फ्रेंचमध्ये माहीत आहे आणि क्रेओलमध्येही, कारण शेनाझ पटेल यांनी टिनटिनला आपल्या बेटाची बोली शिकवली आहे. जपानी मुलगा शाळेत डबा कसा खातो, फ्रेंच मुलगी सुट्टीत कुठे जाते, इंग्रज मुले पावसात काय खेळतात हे सारे त्याला ठाऊक आहे. मराठी मुलगा मात्र त्याला एकाच अवस्थेत भेटला आहे, हात जोडलेला.

आता खरी गोष्ट अशी की मराठीत मुलांसाठी लिहिणारे लेखक काही कमी नव्हते. वि. गो. आपट्यांनी 'आनंद' मासिक १९०६ साली सुरू केले. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. मासिकांची ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. परंतु मासिकातली गोष्ट महिन्याला बदलते, आणि मुलांना हवा असतो तो पुन्हा पुन्हा भेटणारा सोबती. असे सोबती मराठीत दोघे विशेष गाजले, आणि दोघेही पुस्तकांतून निघून दूरदर्शनवर आले.

पहिला गोट्या. ना. धों. ताम्हनकर यांचा (१८९३–१९६१) हा मानसपुत्र. गोट्या अनाथ आहे, एका सुशिक्षित घरात त्याला आसरा मिळतो, आणि आपल्या हुशारीने व प्रामाणिकपणाने तो त्या घराचाच होऊन जातो. १९९० च्या सुमारास त्याच्यावर मुंबई दूरदर्शनने मालिका दाखवली आणि महाराष्ट्रातली एक पिढी त्याला चेहऱ्याने ओळखू लागली. संस्कारांची काळजी असणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना गोट्या नक्की आवडेल. तो चांगला मुलगा आहेच. परंतु त्याचा चांगुलपणा त्याला प्रत्येक वेळी सिद्ध करावा लागतो. त्याच्यावर संशय घेतला जातो, त्याला वाईट वाटते, त्याला अडचणीतून वाट काढावी लागते. लेखकाने चांगुलपणाची किंमत दाखवली आहे, म्हणून वाचणाऱ्या मुलाला तो पटतो.

दुसरा फास्टर फेणे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी आयुष्यभर मुलांसाठी लिहिले. १९५१ मध्ये त्यांनी 'बालमित्र' नावाचे मासिक काढले, ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि बनेश फेणे नावाचा एक हडकुळा, चपळ पोरगा निर्माण केला. फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. पुण्याला शाळेत शिकतो, सायकलीवर वाऱ्यासारखा सुटतो, आणि काही सुचले की तोंडाने 'टॉक्' असा आवाज करतो. त्याची वीस पुस्तके आहेत. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घ्या, 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे' घ्या, १९६२ च्या चीनच्या युद्धाची पार्श्वभूमी असलेले 'जवानमर्द फास्टर फेणे' घ्या. ठिकाण बदलते, संकट बदलते, परंतु पोरगा तोच राहतो. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर त्याचीही मालिका झाली आणि सुमीत राघवन या मुलाने फेणेचे काम केले. तो मुलगा पुढे नामवंत नट झाला.

२०१७ साली फेणेवर मराठी चित्रपट निघाला. अमेय वाघ यांनी काम चांगले केले आणि दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः भागवतांचीच भूमिका केली, हे पाहून मला आनंद झाला. परंतु त्या चित्रपटातला फेणे मोठा झाला आहे, वैद्यकीय शिक्षणाच्या मागे लागलेला तरुण आहे. ज्यांनी लहानपणी फेणे वाचला त्यांच्यासाठी तो चित्रपट होता. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच्याच वयाचा फेणे मिळाला नाही. याच प्रभावळकरांनी मुलांसाठी 'बोक्या सातबंडे' लिहिला आणि त्यावर २००९ मध्ये चित्रपट झाला. त्यात बोक्या मुलगाच राहिला, हे मला अधिक योग्य वाटले.

असो. तर नमस्काराच्या प्रश्नानंतर मी एक प्रयोग केला. पुण्याहून एका नातलगाने आणलेले फेणेचे एक जुने पुस्तक माझ्याकडे होते. पुढच्या आठवड्यात पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मी ते वर्गात वाचायला घेतले. रोज तासाची शेवटची दहा मिनिटे. पहिल्या दिवशी फारसे कुणाला काही कळले नाही. पुणे कुठे आहे, वसतिगृह म्हणजे काय, सायकल एवढी महत्त्वाची का, असे प्रश्न आले. मी थोडक्यात क्रेओलमध्ये सांगितले आणि वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी प्रश्न कमी झाले. चौथ्या दिवशी मी पान उलटण्याआधीच मागच्या बाकावरून 'टॉक्' असा आवाज आला. तो माझा न बोलणारा मुलगा होता. त्या आठवड्यात साऱ्या शाळेच्या आवारात टॉक् टॉक् सुरू झाले आणि ज्या मुलांचा मराठीशी काही संबंध नाही तीही विचारू लागली की हे काय आहे.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला शिकवले होते की परभाषेच्या वाचकाला शब्द शिकवायचा तर तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाक्यांत, त्याच्या समोर आला पाहिजे. मी त्यासाठी वर्षानुवर्षे तक्ते करत आले. कथामाला हे काम तक्त्यांपेक्षा चांगले करते, आणि त्याचे कारण साधे आहे. पहिले पुस्तक वाचताना मुलाला सारेच नवे असते. माणसे, घर, गाव, बोलण्याची तऱ्हा. दुसरे पुस्तक उघडतो तेव्हा निम्मे त्याला आधीच माहीत असते. फेणे कसा बोलतो, रागावला की काय करतो, त्याचा मित्र भित्रा आहे की धीट, हे ठाऊक असल्यामुळे वाक्यातला एखादा शब्द अडला तरी अर्थ अंदाजाने लागतो. तिसऱ्या पुस्तकाला मुलगा अडत नाही, कारण पुढे काय होते याची त्याला घाई झालेली असते. सुट्या धड्यांच्या पुस्तकात प्रत्येक धडा पहिल्या पुस्तकासारखा असतो. दर आठवड्याला मुलाला नव्या अनोळखी माणसांच्या घरी नेऊन बसवायचे आणि मग तो गप्प का बसतो म्हणून नावे ठेवायची, हे आम्ही शिक्षक करतो.

येथे कुणी म्हणेल की पुण्याचा फेणे आमच्या मुलांना परकाच वाटणार. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, आणि त्याला उत्तर आमच्याच बेटावरच्या घराघरांतल्या फडताळांत आहे. एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेने पाच सोबत्यांची, म्हणजे चार मुले आणि एक कुत्रा यांची, एकवीस पुस्तके १९४२ ते १९६३ या काळात लिहिली. १९५५ पासून ती फ्रेंचमध्ये 'ल क्लब दे सँक' या नावाने निघू लागली. फ्रेंच प्रकाशकाने काय केले पाहा. मुलांची नावे बदलली. ज्यूलियनचा फ्रांस्वा झाला, जॉर्जची क्लोद झाली, टिमी कुत्र्याचा डागोबेर झाला. समुद्रकाठचे इंग्रजी गाव उचलून ब्रिटनी प्रांतात नेऊन ठेवले आणि त्याला केर्नाक असे नाव दिले. माझ्या पिढीतल्या पुष्कळ मॉरिशियन मुलांनी ही पुस्तके फ्रेंच समजूनच वाचली. क्लोद मूळची इंग्रज आहे हे मला प्रशिक्षणाच्या वयात कळले आणि मोठा धक्का बसला. १९६८ मध्ये ब्लायटनबाई वारल्यावर फ्रेंच लोक तेथे थांबले नाहीत. क्लोद व्हॉयलिए या फ्रेंच लेखिकेने १९७१ पासून त्याच पाच सोबत्यांच्या आणखी चोवीस गोष्टी लिहिल्या. म्हणजे मूळ लेखिकेने लिहिल्या त्यांहून अधिक. १९७८ मध्ये इंग्लंडात त्यांच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही झाली.

फ्रेंचसारखी बलाढ्य भाषा, जिला लेखकांची वाण नाही, ती दुसऱ्याच्या घरची मुले दत्तक घेते, त्यांना आपली नावे देते, आपल्या गावात राहायला नेते, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. मग आम्ही मूठभर मॉरिशियन मराठ्यांनी पुण्याचा फेणे जसाच्या तसा काचेच्या कपाटात का ठेवावा? आणि आम्हांला तर दत्तकही घ्यायचे नाही. तो आमच्याच भाषेचा मुलगा आहे, फक्त त्याने अजून समुद्र ओलांडलेला नाही.

फ्रेंचांच्या उदाहरणात एक धोक्याची सूचनाही आहे. या शतकात त्याच पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा भूतकाळाची पुस्तकी रूपे काढून सारी गोष्ट वर्तमानकाळात आणली गेली आणि भाषा फार सोपी केली गेली. जुन्या वाचकांनी त्यावर कडक टीका केली. ती टीका मला पटते. नावे बदलली, गाव बदलले, तरी मुलाला गोष्टच मिळते. परंतु भाषा पातळ केली तर जे शिकायचे तेच निघून जाते. आमच्या मुलांसाठी लिहिताना वाक्ये लहान ठेवावीत, पण शब्द चोरू नयेत. मुलाला उत्सुकता असेल तर तो कठीण शब्द गिळतो. हे मी वर्गात डोळ्यांनी पाहिले आहे.

आता दूरचित्रवाणीविषयी. महाराष्ट्रात गोट्या आणि फेणे आधी पुस्तकात आले, पडद्यावर पुष्कळ नंतर. तेथल्या मुलाच्या कानावर मराठी सकाळपासून पडत असते. घरात, रस्त्यावर, भाजीवाल्याकडे, बसवाहकाकडे. पुस्तक उघडताना त्याच्या कानात भाषेचा आवाज आधीच असतो. आमच्या मुलांचे तसे नाही. त्यांच्या घरी क्रेओल आहे, आणि ती त्यांची हक्काची भाषा आहे, तिच्याविषयी माझी मुळीच तक्रार नाही. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच आहे. मराठी त्यांना ऐकू येते ती आरतीत, भजनात, लग्नाच्या मंगलाष्टकांत आणि माझ्या तासाला. यांपैकी कोणत्याही ठिकाणी कुणी मराठीत विचारत नाही, "अरे, माझा चेंडू कुठे गेला?" मूल ज्या भाषेत चेंडू शोधत नाही ती भाषा त्याला जवळची कशी वाटणार?

म्हणून आमच्याकडे क्रम उलटा असायला हवा असे माझे मत आहे. आधी पडदा, मग पुस्तक. मुलाने आधी आपल्या वयाची मुले मराठीत भांडताना, हसताना, हाका मारताना ऐकावीत, त्यांचे चेहरे ओळखावेत. मग त्याच मुलांचे पुस्तक हातात द्यावे. तेव्हा वाचताना त्याच्या कानात त्यांचे आवाज वाजतील. आपल्या बेटावर १९६५ पासून दूरचित्रवाणी आहे, आणि भारतीय भाषांना तिच्यावर वेळ मिळत आला आहे. त्या वेळात मोठ्यांसाठी बातम्या झाल्या, भक्तिसंगीत झाले, सणांची वर्णने झाली, पाहुण्यांच्या मुलाखती झाल्या. हे सारे हवेच. परंतु दहा वर्षांच्या मुलाने दर आठवड्याला ठरलेल्या वेळी वाट पाहावी असे मराठीत त्याच्यासाठी काय होते, हे प्रत्येक आईवडिलांनी स्वतःलाच विचारावे.

काही ज्येष्ठ मंडळींशी मी याविषयी बोलले. त्यांचे तीन आक्षेप आहेत आणि ते येथे प्रामाणिकपणे मांडणे माझे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा की करमणुकीने भाषा टिकत नाही, ती धर्माने आणि संस्काराने टिकते. आपले आजे-पणजे रत्नागिरीकडून गिरमिटावर आले तेव्हा त्यांच्याजवळ पुस्तके नव्हती, तरी भजने आणि झाकरी यांच्या बळावर त्यांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी जपली. हे सत्य आहे आणि त्यांच्यापुढे मी मस्तक नमवते. परंतु त्यांच्या घरी मराठी बोलली जात होती. झाकरी खेळून घरी आलेला मुलगा आजीशी मराठीतच भांडत होता. देवाची भाषा आणि भांडणाची भाषा एक होती, म्हणून ती जिवंत राहिली. आज फक्त देवाची भाषा उरली आहे. जी भाषा केवळ देवापुढे बोलतात तिचे काय होते हे संस्कृतकडे पाहून कळते. तिचा मान मोठा आहे, परंतु तिच्यात कुणी चेंडू शोधत नाही.

दुसरा आक्षेप भाषाशुद्धीचा. मालिकेखाली क्रेओलमध्ये अक्षरे दिली तर मुले तीच वाचतील आणि मराठी ऐकणार नाहीत, असे म्हणतात. २०१२ पासून क्रेओल आपल्या प्राथमिक शाळांत शिकवली जाते, मुलांना ती वाचता येते. सुरुवातीला ती खालचीच अक्षरे वाचतील हे खरे. परंतु मुले हिंदी चित्रपट अशीच पाहतात आणि हिंदी शाळेत न शिकलेल्या मुलीसुद्धा हिंदी संवाद म्हणून दाखवतात. कान आपले काम करतो. अक्षरे नसतील तर मुले दोन मिनिटांत दुसरी वाहिनी लावतील, आणि मग शुद्ध मराठी ऐकायला आपण मोठेच तेवढे उरू.

तिसरा आक्षेप पैशाचा. मालिका काढायला फार खर्च येतो. येथे मला थोडे रागावून लिहावेसे वाटते. दरवर्षी सरकारी नाट्यमहोत्सवात आपल्या मंडळ्यांची मराठी नाटके होतात. त्यांच्यासाठी गावोगावची माणसे कामावरून आल्यावर महिनोन्‌महिने तालमी करतात, कपडे शिवतात, पडदे रंगवतात. आपल्याकडे नट आहेत, लेखक आहेत, हौस आहे. नाटक एकदा होते आणि संपते. तीच मेहनत अर्ध्या तासाच्या सहा भागांवर केली तर ते भाग वर्षानुवर्षे दाखवता येतील. चित्रण करायला आज पूर्वीसारखी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. आमच्या मुलांच्या खिशातल्या टेलिफोनवरसुद्धा बरेच काही होते. १९९१ साली जागतिक मराठी परिषद आपल्या बेटावर भरली तेव्हा हार, भाषणे, भोजने यांना पैसे कमी पडले नव्हते. आपल्याकडे पाहुण्यांसाठी नेहमी पैसे निघतात, मुलांसाठी काढायचे म्हटले की हिशेबाची वही उघडते.

आणि विषय शोधायला फुरसुंगीला जाण्याचीही गरज नाही. चक्रीवादळाची सूचना लागते, शाळा बंद होतात, खिडक्यांना फळ्या ठोकतात, दिवे जातात, आणि घरात अडकलेल्या मुलांना शेजारच्या आजीची शेळी ओरडताना ऐकू येते. त्रू-ओ-सेर्फच्या जुन्या ज्वालामुखीच्या काठावर कुणीतरी एक पिशवी टाकून जाते. कास्काव्हेलच्या मंदिरात उत्सवाच्या आदल्या रात्री ढोलकी नाहीशी होते. गणपती समुद्रावर नेताना एक लहान बहीण गर्दीत चुकते. ऊस तोडणीच्या दिवसांत शेतातल्या वाटेवर सायकलीच्या चाकाची अनोळखी खूण दिसते. हे सारे आपल्या मुलांना रोज दिसते. यातली मुले मराठी बोलू लागली की झाले. शेजारचा क्रेओल मित्र, तमिळ मैत्रीण, मुसलमान दुकानदार हेही त्यात हवेत, कारण आपले बेट तसेच आहे. आणि सायकलीवर पुढे एक मुलगी हवी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फेणे वाचून झाल्यावर वर्गातल्या मुलींनी मला पहिला प्रश्न तोच विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. क्लोद ही मुलगी त्यांना का आवडते ते मला तेव्हा कळले.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, आपल्या मंडळ्यांनी एकत्र बसून दूरचित्रवाणीकडे मुलांसाठी आठवड्याला अर्धा तास मागावा, आणि तो वेळ ठरलेला असावा. कधी शनिवारी तर कधी सणाला असे करून मुलांना सवय लागत नाही. दोन, गोट्या आणि फेणे यांच्या जुन्या मालिका आपल्या मुलांना दाखवता येतील का, याची भारतीय दूरदर्शनकडे रीतसर विचारणा करावी. चित्र जुने वाटेल, परंतु मुले गोष्टीला भुलतात. तीन, वाचनालयासाठी पुस्तके घेताना एकेक सुटे पुस्तक न घेता पूर्ण संच घ्यावा. पहिल्या पुस्तकाने गोडी लागते आणि दुसरे नसेल तर ती तेथेच मरते. चार, 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने संगणकावर फुकट वाचायला ठेवले आहेत, ते निदान शिक्षकांनी तरी उघडून पाहावेत. पाचवी विनंती माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना आहे. ही गोष्टीची पुस्तके कृपा करून परीक्षेला लावू नका. फेणेच्या स्वभावाचे वर्णन दहा ओळींत लिहा, असा प्रश्न ज्या दिवशी निघेल त्या दिवशी फेणेही हात जोडून उभा राहील.

शेवटी त्या मुलाविषयी. आमचे पुस्तक पूर्ण झाले नाही. माझी प्रत जुनी होती आणि तिची शेवटची पाने गळलेली होती. हे मला आधी ठाऊक होते, तरी मला वाटले होते की तेथपर्यंत मुले कंटाळतील आणि प्रश्नच येणार नाही. ती कंटाळली नाहीत. मी शेवट तोंडी सांगून वेळ मारून नेली, पण मुलांना ते कळले. "मिस, हे तुम्ही बनवून सांगताय," असे तो म्हणाला, आणि या वेळी मराठीत म्हणाला. वाक्यात एक चूक होती. ती मी सुधारली नाही.

पुढल्या वर्षी तो सहावीत जाईल आणि त्यानंतर माध्यमिक शाळेत. तेथे गेल्यावर मराठी ठेवायची की सोडायची हे त्याच्या घरचे ठरवतील, आणि त्यांनी त्याला विचारले तर तो काय सांगेल हे मला ठाऊक नाही. दरवर्षी या टप्प्यावर माझी निम्म्याहून अधिक मुले मराठीला शेवटचा नमस्कार करतात. या मुलाच्या हाती तोपर्यंत दीड वर्ष आहे. पुण्याला पुस्तकांच्या पूर्ण संचासाठी मी पत्र पाठवले आहे आणि पैसेही पाठवले आहेत. बाकीचे काम एकट्या शिक्षिकेच्या आवाक्यातले नाही, म्हणून हा लेख.